काटेवाडी परिसरातील माळावरच्या वनवाटा : पायी आणि सायकलने

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस जंगल आहे, असे सांगितले तर शहरी वाचकास ते सहजी पटत नाही. जंगल म्हटले की भीमाशंकरची दाट झाडी किंवा ताम्हिणीचा धुक्यात हरवलेला घाट डोळ्यांपुढे येतो. बारामती आणि इंदापूर हे तालुके मात्र ऊस, साखर कारखाने, डाळिंबे आणि राजकारण यांसाठी ओळखले जातात. बारामतीहून इंदापूरकडे निघाल्यावर सुमारे दहा किलोमीटरवर लागणारी काटेवाडी तर पवार कुटुंबाचे गाव म्हणूनच राज्यभर परिचित आहे. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी येथे येते, तेव्हा परीट समाजाच्या वतीने धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. हे रिंगण पाहण्यास मोठी गर्दी लोटते. पण या भागातील मेंढ्या वर्षभर चरतात कोठे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर शोधत निघालेला माणूस ज्या माळावर पोहोचतो, तीच या परिसरातील वनभूमी होय. सह्याद्रीतील गड-किल्ल्यांवरची गर्दी टाळू पाहणारे पदभ्रमंतीचे शौकीन आणि डोंगरी सायकल बाळगणारे तरुण आता या माळांकडे वळू लागले आहेत. म्हणूनच या वाटांची, तेथील जीवसृष्टीची आणि नियमांची माहिती एकत्रितपणे असणे गरजेचे झाले आहे.

कालव्याच्या वर, कालव्याच्या खाली

या प्रदेशाचा भूगोल समजून घ्यायचा तर नीरा डावा कालवा ही रेषा ध्यानात ठेवावी. भाटघर धरणाच्या पाण्यावर आधारलेला हा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दुष्काळी भागास पाणी देण्याच्या हेतूने काढण्यात आला. कालव्याच्या खालचे, म्हणजे नीरा नदीकडचे रान बागायत झाले. तेथे ऊस उभा राहिला, माळेगाव आणि भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने निघाले आणि गावांचे रूप पालटले. कालव्याच्या वरच्या अंगास मात्र जिरायती शिवार आणि मुरमाड माळ तसेच राहिले. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या भागात वर्षाकाठी सरासरी पाचशे ते साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बराचसा परतीचा. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असलेल्या या पठारावर काळ्या पाषाणाचा थर वर आलेला असून त्यावर मातीचा जेमतेम वीतभर पापुद्रा आहे. अशा जमिनीत मोठी झाडे स्वाभाविकपणे विरळ असतात. वाढते ते गवत.

या गवताचा जुना लौकिक वेगळाच होता. बारामतीचा मुलूख पूर्वी भीमथडी तालुका म्हणून ओळखला जाई. भीमेच्या काठची, काटक अंगाची भीमथडीची तट्टे मराठा घोडदळाचा कणा मानली जात. कमी चाऱ्यावर दिवसेंदिवस मजल मारणाऱ्या या तट्टांना राष्ट्रीय पातळीवर अश्वांची स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, तीही अगदी अलीकडे. ज्या कुरणांवर ही तट्टे पोसली गेली, त्या कुरणांना मात्र तसा मान मिळाला नाही.

पडीक ठरलेली वनसंपदा

ब्रिटिश महसूल व्यवस्थेने ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती पडीक, असे समीकरण रूढ केले. स्वातंत्र्यानंतरही ते पुसले गेले नाही. केंद्र सरकारच्या ग्रामीण विकास मंत्रालयाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या देशातील पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी आणि गवताळ जमिनींचा मोठा हिस्सा पडीक म्हणूनच धरला गेला. परिणामी माळ 'सुधारण्याचे' प्रयत्न सुरू झाले. वनीकरणाच्या नावाखाली गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी यांची लागवड झाली आणि मृदसंधारणासाठी सलग समतल चर खोदण्यात आले. हेतू चांगला होता, यात शंका नाही; परंतु उघड्या गवतात राहण्यासाठीच ज्यांचे शरीर घडले आहे, त्या प्राण्यांच्या दृष्टीने हा बदल उपकारक ठरला नाही.

चिंकारा हे त्याचे ठळक उदाहरण. खांद्यापाशी जेमतेम दोन फूट उंचीचे आणि वीस-बावीस किलो वजनाचे हे हरिण दिवसेंदिवस पाण्यावाचून राहू शकते. गवत, पाला आणि फळे यांतील ओलाव्यावर त्याचे भागते. संकटाची चाहूल लागताच ते झाडीत दडत नाही, तर मोकळ्यावर धाव घेते. पुढचे लांबवर दिसणे हेच त्याचे संरक्षण. या प्राण्यासाठी बारामती तालुक्यात सुपे येथे १९९७ साली मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य घोषित करण्यात आले. अष्टविनायकांपैकी मोरगावच्या मयूरेश्वराचे नाव या अभयारण्यास मिळाले आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे सव्वापाच चौरस किलोमीटरांच्या आत असून देशातील सर्वांत लहान अभयारण्यांत त्याची गणना होते.

या आकड्याचा अर्थ लांडग्याशी तुलना केल्यावर कळतो. लांडग्यांच्या एका टोळीस वावरण्यासाठी दीडशे ते दोनशे चौरस किलोमीटर टापू लागतो. म्हणजेच येथील लांडगा अभयारण्यात राहत नाही. तो वन विभागाचे तुकडे, गायराने, पडीक शेते आणि ओढ्याकाठची झाडी यांतून हिंडतो. भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार देशात सुमारे ३,१०० लांडगे आहेत. कायद्याने वाघास असलेले संरक्षणच लांडग्यासही आहे, पण वाघाच्या वाट्याला आलेले कौतुक मात्र त्याच्या वाट्यास आलेले नाही. पुण्याच्या परिसरातील प्राण्यांच्या जनुकीय अभ्यासातून लांडगा आणि भटका कुत्रा यांचा संकर होत असल्याचे २०२३ साली सिद्ध झाले. वस्त्या वाढल्या, उघड्यावर कचरा पडू लागला, त्यावर कुत्री वाढली आणि ती माळावर पोहोचली, अशी ही साखळी आहे. या साखळीत पर्यटकाने टाकलेल्या खाद्यपदार्थांच्या पिशवीचाही वाटा असतो.

याशिवाय खोकड, कोल्हा, तरस, ससा, मुंगूस, घोरपड ही मंडळी या माळांवर आहेत. पक्ष्यांत धाविक, माळटिटवी, पखुर्डी, निरनिराळे चंडोल, कापशी घार, सापमार गरुड आणि हिवाळ्यात दूरदेशीहून येणारे भोवत्या. वनस्पतींत पवन्या, मारवेल आणि कुसळी ही गवते. हिवर, खैर, बाभूळ, बोर, नेपती आणि पिवळ्या फुलांचा तरवड. माळढोक पक्षी मात्र आता या भागात दिसण्याची आशा नाही. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली ज्या पक्ष्यासाठी स्थापन झाले, तो तेथूनही जवळजवळ नाहीसा झाला. माळ सरसकट पडीक समजण्याची किंमत किती मोठी असते, याचा तो पुरावा आहे.

कोठे फिरावे

काटेवाडीहून सर्वांत जवळचे वनक्षेत्र कण्हेरीचे. निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ फोडण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मारुती मंदिराचे हेच गाव. (मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांशी याचा संबंध नाही, माहितीजालावर शोध घेताना मात्र हा घोटाळा हमखास होतो.) येथे वन विभागाने वनउद्यान विकसित करण्याचे काम हाती घेतले. बारामती शहर आणि काटेवाडी या दोन्ही ठिकाणांहून सायकलने सहज पोहोचता येते, चढ सौम्य आहेत आणि वनक्षेत्राच्या कडेने मनुष्यवस्ती असल्याने नवख्यांना दिशाभूल होण्याची भीती कमी. कुटुंबासह सकाळची फेरी मारायची असेल किंवा मुलांना कच्च्या वाटेवर सायकल चालविण्याची सवय लावायची असेल, तर या परिसरातील इतर कोणत्याही ठिकाणापेक्षा कण्हेरी उजवे ठरते. वन्यप्राणी पाहण्याची फार अपेक्षा मात्र येथे ठेवू नये.

ज्यांना खरा माळ पाहायचा आहे त्यांनी बारामतीच्या उत्तरेस शिर्सुफळकडे किंवा इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीकडे जावे. शिर्सुफळ हे शिर्साई देवीच्या मंदिरासाठी आणि ब्रिटिश काळातील तलावासाठी ओळखले जाते. मंदिर परिसरातील वानरे आणि तलावावरील स्थलांतरित पक्षी हे तेथील नेहमीचे आकर्षण. पण गावाबाहेरचा गवताळ पट्टा त्याहून मोलाचा आहे. कडबनवाडीत ग्रामस्थांच्या पुढाकाराने जलसंधारण आणि कुरणरक्षण झाले आणि चिंकाऱ्यांचा वावर टिकून राहिला. या दोन्ही ठिकाणी पुणे वन विभागाने २०२४ च्या आरंभी गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ठरवून दिलेला मार्ग, आगाऊ नोंदणी आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक असे तिचे स्वरूप ठेवण्यात आले. ही सफारी वाहनातून करावयाची असते. सायकल घेऊन त्या मार्गावर जाण्यास तिचे तिकीट म्हणजे परवाना नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. सफारीच्या वेळा आणि शुल्क वेळोवेळी बदलते, तेव्हा निघण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी.

मयूरेश्वर अभयारण्य सुपे गावाजवळ आहे. पुण्याहून सोलापूर महामार्गाने चौफुल्यापर्यंत येऊन तेथून मोरगावच्या रस्त्याने गेल्यास सुमारे सत्तर किलोमीटर पडतात. बारामतीहून मोरगावमार्गे जाता येते. पहाटे आणि उतरत्या उन्हात येथे चिंकारा दिसण्याचा चांगला संभव असतो. सायकलस्वारांनी अभयारण्याच्या बाहेरील डांबरी रस्त्यांचा आनंद घ्यावा, सायकल प्रवेशद्वारापाशी ठेवावी आणि आत वन कर्मचाऱ्यांच्या सूचनेनुसारच जावे. पाच चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात सायकलच्या फेऱ्या मारणे म्हणजे एखाद्याच्या घराच्या ओसरीत धावण्याचा सराव करण्यासारखे आहे.

ज्यांना पल्ला महत्त्वाचा वाटतो, त्यांच्यासाठी बारामती ते भिगवण हा रस्ता आहे. उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. डिकसळ, कुंभारगाव या गावांतून नावेने पक्षी दाखविण्याची सोय स्थानिक मच्छीमार करतात. ही सहल मुख्यतः डांबरी रस्त्याची असल्याने डोंगरी सायकलची तेथे आवश्यकता नाही.

पाऊल अधिक उपद्रवी की चाक?

डोंगरी सायकलचा खेळ अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माउंट टामालपायस या डोंगरावर १९७० च्या दशकात आकारास आला. जुन्या, जाड चाकांच्या सायकली दुरुस्त करून काही तरुण वणवारोधक रस्त्यांवरून त्या उतारावर सोडीत. पुढे त्याचा उद्योग झाला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्यास क्रीडाप्रकार म्हणून स्थान मिळाले. गंमत अशी, की ज्या मारिन परगण्यात हा खेळ जन्मला, तेथेच पायी चालणाऱ्यांशी आणि घोडेस्वारांशी तंटे होऊन चिंचोळ्या पायवाटांवर सायकलींना बंदी घालण्याची वेळ आली. आज जगभरात पाळले जाणारे वाटेवरचे संकेत अशा भांडणांतूनच तयार झाले आहेत. सायकलस्वाराने पादचाऱ्यास वाट द्यावी, उतरणाऱ्याने चढणाऱ्यास वाट द्यावी, वळणावर घंटी वाजवावी, ओल्या वाटेवर चाक घालू नये आणि नवी वाट पाडू नये, असे ते संकेत आहेत.

पुण्यात वेताळ टेकडी, तळजई आणि पाचगाव पर्वतीच्या वाटांवरही चालणारे आणि सायकलस्वार यांच्यात कुरबुरी होतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाने यावर साधा तोडगा काढला आहे. कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर सायकली चालतात, तर शिलोंड्यासारख्या जंगलातील पायवाटांवर मार्गदर्शकासोबत पायीच जावे लागते. चाकासाठी रुंद रस्ता आणि पावलासाठी पायवाट, ही विभागणी माळरानांवरही लागू करण्यासारखी आहे.

वन्यप्राण्यांच्या दृष्टीने पाहता उत्तर थोडे अनपेक्षित आहे. अमेरिकेच्या युटा राज्यातील अँटिलोप बेटावर ऑड्री टेलर आणि रिचर्ड नाइट या संशोधकांनी गवा, हरिण आणि प्रॉन्गहॉर्न या प्राण्यांवर केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पादचारी आणि सायकलस्वार यांना पाहून प्राण्यांनी दिलेल्या प्रतिसादात त्यांना फारसा फरक आढळला नाही. मोठा फरक पडला तो वाट सोडण्याने. माणूस वाटेवर असताना शंभर मीटरच्या आतील हरिणे पळून जाण्याची शक्यता सत्तर टक्के होती. तोच माणूस वाट सोडून चालू लागला, की ती शहाण्णव टक्क्यांवर गेली. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदविली : भेट देणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना आपल्या येण्याने प्राण्यांना काही त्रास होतो, असे वाटतच नव्हते.

हे निष्कर्ष परदेशातील असले तरी त्यातील मर्म बारामतीच्या माळास लागू पडते. प्रॉन्गहॉर्न हाही चिंकाऱ्याप्रमाणे उघड्या गवतात, नजर आणि वेग यांवर जगणारा प्राणी. मात्र एक भेद ध्यानात घ्यावा लागेल. पायी चालणारा मनुष्य एका सकाळी पाच-सात किलोमीटर जातो, तर सायकलस्वार तेवढ्याच वेळात वीस-पंचवीस किलोमीटर पालथे घालतो. एका भेटीचा त्रास सारखा असला तरी भेटींची संख्या वाढते. त्यातून सायकलचा आवाज होत नाही; वळणावर अचानक समोर आल्याने प्राणी अधिक बिथरतो.

माळावर वाट सोडण्याचे दुसरे संकट पायाखाली असते. धाविक, माळटिटवी, चंडोल हे पक्षी घरटे बांधतात ते झाडावर नव्हे, तर जमिनीवरच्या उथळ खळग्यात. अंड्यांचा रंग मुरमासारखा, त्यामुळे ती पाहून चालू म्हटले तरी दिसत नाहीत. उन्हाळ्याच्या आरंभापासून पावसाळ्यापर्यंत हा विणीचा काळ चालतो. याच दिवसांत मोकळ्या माळावर सायकल घालणे म्हणजे डोळे मिटून चालण्यासारखे होय.

नियम

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या २६ व्या कलमान्वये राखीव वनात अनधिकृत प्रवेश करणे आणि आग लावणे हे गुन्हे आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या २७ व्या कलमानुसार अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध असून २८ व्या कलमाखाली परवाना दिला जातो. प्राण्यांस त्रास देणे आणि अभयारण्यात कचरा टाकणे यांसही मनाई आहे. गावकरी वर्षानुवर्षे ज्या वाटेने जातात ती सर्वांसाठी खुली आहे, असा समज करून घेणे चुकीचे. बारामती-इंदापुरातील वनक्षेत्रे सलग नसून तुकड्यातुकड्यांत विखुरलेली आहेत. एकाच फेरीत राखीव वन, गायरान आणि खासगी शेत अशा तीन प्रकारच्या जमिनी ओलांडाव्या लागतात. दहा-बारा जणांचा गट घेऊन जायचे असेल तर संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयाची लेखी संमती घ्यावी, आणि शेताच्या बांधावरून जाताना शेतकऱ्यास विचारावे. विचारल्यावर सहसा नकार मिळत नाही. कित्येकदा उसाचे कांडेही हाती पडते.

सायकलस्पर्धा भरविण्याच्या कल्पना अधूनमधून पुढे येतात. रस्त्यावरील स्पर्धांना हा मुलूख उत्तम आहे. गवताळ वनक्षेत्रातून मात्र स्पर्धा नेऊ नयेत. शंभर सायकली एकामागून एक गेल्यावर मुरमाच्या उतारावर जी चाकोरी पडते, तिचे पहिल्याच जोरदार पावसात ओघळीत रूपांतर होते. वीतभर मातीचा पापुद्रा एकदा वाहून गेला की तेथे गवतही रुजत नाही. त्यापेक्षा वन विभागाने वणवा रोखण्यासाठी काढलेल्या जाळरेषा आणि वाहनांचे कच्चे रस्ते यांपैकी काही निवडून, विणीचा काळ वगळून, मर्यादित संख्येने सायकलींना खुले केल्यास स्थानिक मार्गदर्शकांना रोजगार मिळेल आणि चोरवाटांनी होणारी घुसखोरीही घटेल. यासाठी नवे बांधकाम लागत नाही. फलक, नोंदवही आणि लक्ष ठेवणारा माणूस एवढे पुरे.

मेंढपाळाशी गाठ

माळावर पर्यटकास वन्यप्राण्यापेक्षा मेंढपाळ भेटण्याची शक्यता कितीतरी अधिक. धनगर समाजातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शेतात मेंढ्या बसवून मिळणारे खत आणि त्या बदल्यात धान्य किंवा पैसे, हा व्यवहार या भागात पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. कळप समोरून येत असेल तर सायकलवरून उतरून बाजूला थांबावे. घंटी वाजवून किंवा ओरडून वाट मागू नये. बिथरलेली मेंढरे पांगली की ती गोळा करण्यात मेंढपाळाचा अर्धा दिवस जातो. कळपाबरोबरची कुत्री राखणीची असतात. सायकल पळविल्यास ती पाठलाग करणारच. उतरून, सायकल आपल्या व कुत्र्याच्या मध्ये ठेवून शांतपणे चालत राहणे, हाच उपाय. लांडगा कोठे दिसला, हे मेंढपाळास पक्के ठाऊक असते, पण ते सांगायचे की नाही हे त्यास ठरवू द्यावे. लांडग्याची बिळे शोधत, छायाचित्रासाठी त्यांच्या तोंडापर्यंत जाणाऱ्या हौशी मंडळींमुळे मादीला पिले हलवावी लागतात, आणि पिले हलविताना ती दगावण्याचा धोका असतो.

सायकल, काटे आणि ऊन

काटेवाडीच्या नावाचा काट्यांशी संबंध असो वा नसो, या परिसरातील सायकलस्वाराची खरी परीक्षा काटेच घेतात. बाभळीचा काटा लांब आणि सरळ. तो टायर भेदून आत मोडतो. त्याहून त्रासदायक म्हणजे सराटा. जमिनीसरपट पसरणाऱ्या या वेलीची पिवळी फुले मोहक असतात. तिचे वाळलेले फळ मात्र कसेही पडले तरी एक काटा वर ठेवते. एका फेरीत चार-पाच पंक्चर होणे नवलाचे नाही. दोन इंचांपेक्षा रुंद टायर, ट्यूबमध्ये छिद्र बुजविणारे द्रावण किंवा ट्यूबविरहित टायर, दोन जादा ट्यूबा, हातपंप आणि चिमटा ही सामग्री अनिवार्य समजावी. काटा उपटण्यापूर्वी तो कोठे आहे हे पाहून खूण करावी आणि टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून मोडलेले टोक काढावे. अन्यथा नवी ट्यूबही तेथेच फुटते. सलग समतल चर हा दुसरा धोका. पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवतात दीड-दोन फूट खोल चर अजिबात दिसत नाहीत आणि पुढचे चाक त्यात अडकल्यास स्वार थेट तोंडावर आपटतो. डोक्यावर शिरस्त्राण हवेच.

पायी जाणाऱ्यांनी घोट्याच्या वर येणारे बूट आणि जाड कापडाची लांब विजार घालावी. ऑक्टोबरनंतर कुसळी गवताची कुसळे मोज्यांत अशी रुततात, की मोजे टाकून देण्यावाचून गत्यंतर राहत नाही. घोणस, फुरसे आणि नाग हे तिन्ही विषारी साप येथे आढळतात. दगडांच्या राशीवर बसू नये, बिळात हात घालू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, आवळून दोरी बांधणे यांपैकी काहीही करू नये. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णास शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावे. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वणवा अथवा जखमी प्राणी आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

जुलै ते सप्टेंबरमध्ये माळ हिरवा असतो आणि डोळ्यांना सुखावतो, पण वाटा मऊ असतात. या दिवसांत पायी फिरणे श्रेयस्कर. सायकलसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वोत्तम. त्या वेळी गवत सोनेरी होते, भोवत्या आलेले असतात आणि वाट टणक असते. याच दिवसांत गवत पेट घेण्यास निमित्तच शोधत असते, त्यामुळे चूल, शेकोटी, विडी-सिगारेट यांस पूर्ण फाटा द्यावा. मार्चपासून सकाळी नऊनंतर माळावर थांबू नये. सावली नाही, पाणी नाही. वन्यप्राण्यांसाठी बांधलेल्या पाणवठ्यांवर तोंड धुण्याचा किंवा बाटल्या भरण्याचा मोहही टाळावा. माणशी तीन लिटर पाणी जवळ बाळगावे.

पुण्याच्या स्वारगेट स्थानकावरून बारामतीस एसटी बसगाड्या सुटतात. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. बारामतीहून काटेवाडीकडे जाणारा पालखी महामार्ग रुंद आणि वेगवान आहे. गाळपाच्या हंगामात, म्हणजे साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात, उसाच्या जोडट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अहोरात्र चालतात आणि त्यांतील अनेकांना मागे दिवा नसतो. पहाटेच्या अंधारात या महामार्गावरून सायकल नेण्याऐवजी कालव्याकडेच्या गावरस्त्यांनी जावे, किंवा बारामतीत मुक्काम करून उजाडल्यावर निघावे. सूर्योदयास माळावर पोहोचायचेच असेल, तर सायकल वाहनावर लादून वनक्षेत्राच्या फाट्यापर्यंत न्यावी. सायकलला मागे लाल दिवा आणि अंगावर चमकती पट्टी असल्याखेरीज परतीच्या वाटेवर सूर्यास्तानंतर महामार्ग ओलांडू नये.